वायरीच्या घराचे चार हूक

मालवणला जाणारे लोक गाडीत टोप्या, पोहण्याचे कपडे आणि परतताना मासे आणायला बर्फाचे डबे टाकतात. माझ्या गाडीत वेताचे लॅम्पशेड होते. मागची सीट, डिकी, ड्रायव्हरशेजारची जागा, सगळीकडे वेतच वेत, आणि पायाशी टाइल्सच्या नमुन्यांची जड पिशवी. टोलवरच्या माणसाने आत डोकावून विचारलं, "मॅडम, कोंबड्या विकायला चाललाय का?" मी हो म्हटलं. इतक्या पहाटे मला भांडायला सुचत नाही.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे की माझा धंदा लोकांची घरं सजवण्याचा आहे आणि मी कुठेही गेले तरी समुद्राआधी भिंतींकडे बघते. या वेळी मात्र फिरायला म्हणून निघालेच नव्हते. माझी मावसबहीण नयनाताई आणि तिचे यजमान विलासराव यांची उभी हयात डोंबिवलीच्या दोन खोल्यांत गेली. त्या खोल्या विकून त्यांनी मालवणजवळ वायरीला, विलासरावांच्या मूळ घराच्या मागच्या बाजूला, स्वतःचं घर बांधायला काढलं. भिंती झाल्या, स्लॅब पडला, खिडक्या बसल्या. मग गेल्या वर्षी ज्येष्ठात विलासराव त्या घराच्या पायरीवर चहा घेऊन बसले ते उठलेच नाहीत. वर्षश्राद्ध होईपर्यंत कुणी घराचं नाव काढलं नाही. आता नयनाताईचा फोन आला होता. "शुभे, ये. चतुर्थीच्या आधी घर लावून दे. आमचा पुतण्या म्हणतो, ट्रेंडी पाहिजे. तू असलीस तर निदान माझंही कुणी ऐकेल."

शेवटचं वाक्य मी हसण्यावारी नेलं होतं.

रस्त्याचं सांगते. पुणे ते कोल्हापूर हायवेवर जागोजागी कामं चालू आहेत, वेळ जास्तच धरा. तिथून मी राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने उतरले. श्रावणात हा घाट ढगातच असतो, पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालायचं, ओव्हरटेक करायचा मोह आवरायचा आणि काहीही झालं तरी अंधार पडायच्या आत खाली यायचं. दाजीपूरला टपरीवर कांदाभजी चांगली मिळाली, चहा मात्र साखरेचा पाक होता. खाली कणकवली, मग कसालला हायवे सोडून कट्ट्याच्या रस्त्याने मालवण. सकाळी लवकर निघालात तर संध्याकाळच्या चहाला पोचता.

कसाल सोडलं की दोन्ही बाजूंना भाताची शेतं आणि त्यांच्या बांधावर होमस्टेचे बोर्ड. पूर्वी या रस्त्यावर पोपटी घर, गुलाबी घर, जांभळ्या पट्ट्यांचं निळं घर असा थाट असायचा. आम्ही शहरातली माणसं त्याला नावं ठेवायचो. आता एकामागून एक सगळी घरं ओटमीलच्या रंगाची झाली आहेत, दाराला कमान, कमानीशेजारी मातीचा रांजण आणि रांजणात वाळकं गवत. बाहेर इतकं हिरवं गवत माजलेलं असताना आत वाळकं गवत विकत आणून ठेवायचं हे खूळ आमच्याच धंद्याने लोकांच्या डोक्यात भरवलं आहे. तेव्हा मी गप्प बसले आणि गाडी चालवली.

वायरीला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गाडी लागली तेव्हा आबा लोट्यावर, पुढच्या ओसरीवर, बसले होते. आबा म्हणजे विलासरावांचे थोरले भाऊ. त्यांचं घर चिऱ्याचं, कौलारू, पण नीट राखलेलं, कौलं दरवर्षी परतलेली, सारवण ताजं.

"इलात? रस्तो बरो होतो मा?" आबांनी विचारलं. "आधी चाय घेवा. मगे बोलूया."

त्यांच्या पत्नी शालनवहिनींनी चहाबरोबर तवशाचं धोंडस दिलं, काकडी आणि गूळ घालून केलेला हा केक श्रावणात मालवणात कुणाच्याही घरी मिळाला तर नको म्हणू नका. आत माजघराच्या तुळयांना टांगलेली माटवी दिसत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माटवी म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर तिला आंब्याचे टाळे, कवंडळं, सुपारीची शिपटी, काकड्या, नारळ असं रानातलं आणि परसातलं सगळं बांधतात. कोकणात गणपती म्हणजे आधी माटवी. भार बराच होतो, म्हणून ती चारही कोपऱ्यांना पक्की टांगावी लागते. बाकी वर्षभर चौकट तशीच रिकामी लटकत असते.

चहा झाल्यावर मी विचारलं, "नयनाताई कुठे आहे?"

"तिच्या खोलयेत आसा," शालनवहिनी म्हणाल्या आणि पडवीच्या टोकाच्या खोलीकडे बोट केलं.

ती खोली पूर्वी भाताच्या कणग्यांची होती. आता तिथे डोंबिवलीचं गोदरेजचं कपाट होतं, डोंबिवलीची खाट होती, आणि खाटेवर बसून नयनाताई उशांना अभ्रे घालत होती. कपाट खोलीत मावत नव्हतं म्हणून त्याचं एक दार कायमचं भिंतीला टेकून बंद झालं होतं. मी म्हटलं, नवीन घर होईपर्यंत इथे आहेस का? ती म्हणाली, "नाही गं. इथेच आहे. तिकडे होमस्टे होणार आहे."

इतक्या साध्या आवाजात तिने ते सांगितलं की मला कळायला वेळ लागला. जमीन सामाईक. वडिलांच्या मागे वाटणी कधी झालीच नाही, भावाभावांत प्रेम होतं म्हणून कुणाला गरज वाटली नाही. विलासरावांनी फ्लॅटचे पैसे त्या जमिनीवर उभे केले ते कुठल्याही कागदाशिवाय. आता आबांचा मुलगा ओंकार म्हणतो की काकी एकटी तिकडे काय करणार, तिने आमच्यात राहावं, घराने कमवावं. आणि त्याच्या बोलण्यात अगदीच खोट काढता येत नव्हती, हेच वाईट होतं.

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? बघू म्हटलं."

मला तिचा राग आला. मग मी नवीन घर बघायला गेले आणि सगळ्यांचाच आला. विलासरावांनी घर फार विचार करून बांधलं होतं. हॉलची मोठी खिडकी नारळीच्या बागेकडे, स्वयंपाकघरातून थेट विहिरीकडे दार, बसायला दगडी कट्टा. आणि हॉलच्या एका बाजूला, भिंतीपासून हातभर अंतरावर, स्लॅबमधून लोखंडाचे चार हूक खाली आलेले. चौकोनात. मी लेझर मीटर लावून छताची उंची मोजत होते तेव्हा नयनाताई मागून म्हणाली, "शुभे, एकच सांगते. रंग कुठलाही दे, फरशी कुठलीही घाल. वर काही लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारात गेलो, मी आणि ओंकार, त्याच्या मोटरसायकलवर. ओंकार सत्तावीस-अठ्ठावीसचा, तल्लख, कामाला वाघ, मोबाईलमध्ये हजारो खोल्यांचे फोटो. श्रावणात बाजार थंड असतो. किल्ल्याची होडी बंद, मासळीबाजारात गिऱ्हाईक कमी, लॉजचे दर निम्मे. समुद्राकाठी घर करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. कडीकोयंडे, बिजागऱ्या, स्क्रू सगळं चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं घ्या, पावडर कोटिंगच्या भरवशावर राहू नका, दुसऱ्या पावसाळ्यात गंज बाहेर येतो. आणि ते सगळीकडे दिसणारे पांढरट कापडाचे सोफे इथे आणू नका. पावसाळ्यात त्यावर अशी बुरशी चढते की आठ दिवसांत सोफा आपणहून करडा होतो. ओंकारने तो सोफा आधीच मागवला होता.

त्याला हवं होतं ते सगळं आजकाल सगळ्यांनाच हवं असतं. चुन्याचा गिलावा, पण खरा चुना नको, तसा दिसणारा पेंट. पन्हळीदार लाकडी पॅनेल. टेराझोची फरशी. टेराझो म्हणजे आपली मोझॅक, तीच जी आपल्या आईवडिलांच्या घरातून आपण दहा वर्षांपूर्वी फोडून काढली आणि आता तिप्पट भावाने परत आणतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, फॉल्स सीलिंग, कडेने लपवलेल्या पिवळसर दिव्यांची पट्टी.

"मावशी, तुमी बघा, स्लॅब उघडो कसो दिसता," तो म्हणाला. "पाव्हणे फोटो बघून येतत. आणि ते हूक. गोठो वाटता."

"काकीला सीलिंग नकोय."

"काकीक काय, ती रडता म्हणान आमी थांबूचा काय? तिच्यासाठीच चल्ला आसा मा ह्या." त्याने हे चिडून नाही म्हटलं. त्याला तसं खरंच वाटत होतं.

संध्याकाळी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या असं जेवण होतं. मी आबांना सरळ विचारलं की सीलिंग नसलं तर नाही का चालणार, हल्ली उघडा स्लॅबही लोकांना आवडतो. हे खरंही आहे. आबा आंबोळी मोडत राहिले. नयनाताई वाढत होती, ती आत गेली.

"शुभाताई," आबा म्हणाले, "तुमी शिकलेली माणसा. फॅनाक किती हूक लागतत?"

"एक."

"मगे चार हूक कित्याक लागतत, ता माका कळता." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आमच्या घराण्याचो गणपती एक. आज्यान आणल्यान, बापाशीन आणल्यान, आता मी आणतंय. बापाशीन मरताना आमका सांगल्यान, चुली दोन झाल्यो तरी चलतत, गणपती एकच ठेवा. विलास मुंबैतसून इलो तरी ह्याच घर, हीच माटवी. स्लॅब पडूच्या आदल्या दिशी तो वर चढान हूक बांधी होतो. मी खाली उभो होतंय. माका इचारल्यान नाय."

"तुम्ही विचारलंत का त्यांना?"

"नाय. तो सांगात म्हणान वाट बघलंय." मग म्हणाले, "माका राग इलो नाय. वायट वाटला. आता तो नाय, तर कोणाक सांगू?"

मी इतका वेळ हे भांडण जमिनीचं आणि होमस्टेचं समजत होते. ओंकारला फोटो हवे होते, पण आबांना ते हूक डोळ्यांसमोरून जायला हवे होते. आणि नयनाताईला ते राहायला हवे होते. सीलिंगचा निर्णय खरा त्यावर अडला होता.

तिसऱ्या दिवशी ओंकारने आम्हाला दोघींना शिरोड्याला नेलं, त्याच्या मित्राचं होमस्टे दाखवायला. मालवणहून चौके, नेरूरपारचा पूल, परुळे, वेंगुर्ला असा हा रस्ता. अरुंद आहे, पण पावसाळ्यात याच्याइतका देखणा रस्ता मी पाहिलेला नाही, खाड्या भरलेल्या, माडांच्या खोडांवर शेवाळ. शिरोड्याचं ते घर तंतोतंत तसंच, कमानी, वेताचे झोपाळे, भिंतीवर टांगलेली सुपं. एक जुना दरवाजा आडवा टाकून वर काच लावून त्याचं जेवणाचं टेबल केलं होतं, कोयंडा तसाच ठेवलेला. फोटोला छान. जेवताना मात्र कोयंडा गुडघ्याला लागतो. शाकाहारी थाळीचा भाव विचारून घ्या, ऐकून मी फक्त सोलकढी मागवली.

नयनाताई त्या दरवाजाच्या टेबलावर हात ठेवून बसली होती. घरमालकाला तिने विचारलं, "हे दार कुठलं?"

"आमच्याच घराचा, काकी. जुना पाडला, त्याचा."

"आणि आता घरचे कुठे राहतात?"

"मागे. पत्र्याची शेड आसा ती." तो हसून म्हणाला. "शेडीत बरा वाटता. मोकळा."

येताना वेंगुर्ल्याहून कुडाळच्या रस्त्याने आलो, पिंगुळी वाटेतच लागते. भिंतीसाठी चित्रकथी, म्हणजे तिथली कागदावरची पारंपरिक रंगीत कथाचित्रं, घ्यायची होती. ज्या घरात गेलो तिथल्या बाईंनी ओसरीवर चित्रं मांडली, लाल, पिवळी, काळीशार, रथ आणि घोडे आणि मोठ्या डोळ्यांची माणसं. ओंकारने बघून विचारलं, "ह्याच बेज रंगात मिळात?" बाई अजिबात दचकल्या नाहीत. "करून दितंय," म्हणाल्या. "आता सगळे बेजच मागतत." मी माझ्यासाठी एक लाल घोडा घेतला. गाडीत नयनाताईने तो मालवण येईपर्यंत मांडीवर धरला होता.

चौथ्या दिवशी सकाळी सीलिंगचे लोक येणार होते. त्याआधी आम्ही दोघी विहिरीवर होतो, ती पाणी काढत होती आणि मी उगाच कळशी धरून उभी. मी तिला म्हटलं, वकिलाला भेटू. ओळखीचे आहेत, पैशांच्या नोंदी बँकेत आहेत, अगदीच काही हातात नाही असं नाही.

"आणि कोर्टात रोज कुठून जाऊ?" ती म्हणाली. "याच खळ्यातून ना? पाणी याच विहिरीचं भरून? शालनवहिनी आजारी पडल्या तर पेज मीच करून देते शुभे, आणि मी पडले तर त्या. डोंबिवलीत माझं आता कोण आहे?"

"मग तुला काय हवंय?"

तिने दोर सोडला. "ह्यांनी हूक बांधले तेव्हा मी डोंबिवलीत खोल्या रिकाम्या करत होते, तिथे मला फोन केला. मी म्हटलं, आबांना सांगितलंत का? म्हणाले, घर पूर्ण झालं की सांगतो, हात धरून आणतो त्यांना आणि म्हणतो, दादा, यंदा माटवी तू बांध. म्हणजे वेगळा नाही होणार म्हणे, दादाच बांधील तर वेगळा कसा." ती रडत नव्हती. "हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, आता काय तू सांगशील ते खरं. मला घर नको शुभे. ते हूक कापू नका. कधी कुणाला वाटलं तर असू देत वर."

सीलिंगवाल्या बाबल मेस्त्रींनी शिडी लावली, वर बघितलं आणि म्हणाले, "हूक मधी येतत. कापूक व्हये." त्यांच्याकडे ग्राइंडर होताच. ओंकार म्हणाला, कापा. छत आधीच बेताचं होतं, हूक झाकायचे तर सीलिंगचा सांगाडा त्यांच्या खालून न्यावा लागला असता, सीलिंग बरंच खाली आलं असतं आणि खोली बसकी दिसली असती. तेवढं मलाही मान्य होतं.

मी म्हटलं थांबा. मग मी भिंतीला टेकून, टाइल्सच्या पुठ्ठ्याच्या मागे नवीन आकृती काढली. सांगाडा हुकांच्या आजूबाजूने नेऊन सीलिंग जेवढं वर घेता येईल तेवढं घ्यायचं, आणि जिथे जिथे हूक तिथे तिथे एक चौकोनी झाकण ठेवायचं, ज्याला या धंद्यात ट्रॅपडोअर म्हणतात. झाकण उघडलं की हूक हाताला लागेल.

"चार?" मेस्त्री म्हणाले.

"चार. एसीचे आहेत."

"हॉलात एसी खंय लावतलो मावशी आमी?" ओंकार म्हणाला.

"आज नाही लावणार. उद्या पाहुणे मागतील. तेव्हा सगळं सीलिंग फोडशील का?"

फोडण्याचं नाव काढल्यावर तो विचारात पडला. खर्चाने माणूस लगेच ऐकतो, भावनेने नाही, हे मला इतक्या वर्षांच्या धंद्याने शिकवलं आहे. तो म्हणाला, बरा, ठेवा. नयनाताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने सगळ्यांना चहा दिला, मेस्त्रींना साखर कमी लागते तेही लक्षात ठेवलं आणि वर एकदाही पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारपर्यंत सीलिंग चढलं, सांध्यांत लांबी भरली, पहिला हात लागला. मी वेताचे लॅम्पशेड टांगले. खोटं का बोलू, हॉल सुंदर दिसत होता. मागच्या बागेतून हिरवा उजेड आत येत होता आणि भिंतीचा रंग त्यात मुरला होता. माझं हे काम मला आवडलं आणि आवडलं म्हणून लाजही वाटली.

निघायच्या आधी आबा आले. चप्पल बाहेर काढून, हात मागे बांधून ते हॉलभर फिरले. मग त्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि वर बघू लागले. झाकणं रंगाखाली अगदी सपाट बसली होती, पण उजेड तिरका पडला की त्यांच्या कडा दिसत होत्या.

"ते काय?"

"एसीचे," ओंकार म्हणाला. "शुभामावशीन ठेवल्यान."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग नयनाताईकडे. ती खिडकीची काच पुसत होती आणि पुसत राहिली. आबांच्या ओठांची हालचाल झाली, ते मोजत असावेत. मला वाटलं आता म्हणतील, हे बुजवा.

"बरा," ते म्हणाले, आणि चप्पल घालून गेले.

परतीचा घाट कोरडा मिळाला. दाजीपूरच्या टपरीवर तीच भजी खाल्ली, चव लागली नाही. रिकाम्या मागच्या सीटवर तो लाल घोडा गुंडाळलेला पडला होता. पुण्यात पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, काम कसं झालं. मी म्हटलं, चांगलं झालं, आणि ते खरंच होतं.

चतुर्थीला मी नयनाताईला फोन केला. मागे आरती ऐकू येत होती. मूळ घरात गणपती बसला होता, माटवी आबांनीच बांधली होती, नेहमीसारखी. नवीन घरात पाहुणे होते, पुण्याचेच एक कुटुंब.

"चांगली माणसं आहेत," ती म्हणाली. "मी मोदक नेऊन दिले तर त्यातली बाई म्हणाली, मावशी, काय सुंदर घर आहे, मालक कुठे असतात?"

"तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मुंबईला असायचे." मग ती म्हणाली, "त्यांनी मला बक्षिसी दिली शुभे. मी घेतली. नाही कशी म्हणू, वाईट वाटलं असतं त्यांना."

त्या दिवशी मी बराच वेळ ओट्याशी उभी राहून रडले. मी काही मोठं वाचवून आले नाही, याची मला तेव्हाच नीट कल्पना आली. चार झाकणं ठेवून आले एवढंच. ती उघडायला ज्या माणसाने यायला हवं तो पलीकडच्या घरात आरती म्हणत होता, आणि त्याला बोलवायचा अधिकार असलेला माणूस गेला होता.

आता शेवटचं. गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक नवीन जोडपं आलं, बाणेरला फ्लॅट घेतलाय. कोकणी फील हवाय म्हणाले. मी टॅबवर आधी केलेली कामं दाखवत होते, त्यात वायरीचा हॉल आला, ओंकारने पाठवलेला फोटो, संध्याकाळच्या उजेडातला. बाई एकदम पुढे सरकल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी असंच हवं." मग त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "फक्त वरचे हे चार चौकोन नकोत. कसले आहेत?"

मी म्हटलं, एसीचे. आणि त्यांच्या आकृतीतून ते काढून टाकले.